चढलेला गंधार

चाचा, सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "तंबोरा काय म्हणतोय?" एवढं विचारता आणि विषय बदलता. म्हणून म्हटलं, आता चारचौघांतच लिहावं.

गेल्या पावसाळ्यात आईचा तंबोरा जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाजातली गुंज नीट करून घ्यायला, मिरजेला तुमच्याकडे आणला होता. तुम्ही घोडी घासत होता, मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून माझंच रेकॉर्डिंग ऐकत बसलो होतो. हेडफोनची पिन निसटली आणि सगळ्या दुकानाला ते ऐकू गेलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "काय वाजतंय ते ठाऊक नाही, पण गंधार चढलाय."

खरं सांगतो, राग आला. प्रत्येक स्वर मी ट्यूनरवर तपासला होता, काटा अगदी मधोमध. आणि वाजत होतं ते इटालियन संगीत: मोंतेवेर्दीचा 'ऑर्फेओ', 1607 साली मांतुआच्या दरबारात झालेला ऑपेरा. पडदा उघडण्याआधी तीनदा वाजवायची त्याची तोकाता, म्हणजे सुरुवातीची छोटी धून, मी मॉड्युलर सिंथेसायझरवर करत होतो, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून विजेवर स्वर काढणाऱ्या यंत्रावर. (फोटो बघून "हे टेलिफोन एक्स्चेंज आहे का?" असं विचारलंत, तेच यंत्र.) त्यातून एका वेळी एकच स्वर निघतो, म्हणून पाचही ओळी वेगवेगळ्या रेकॉर्ड करून एकावर एक चढवायच्या. वेंडी कार्लोस या अमेरिकन संगीतकार बाईंनी 1968 मध्ये मूग कंपनीच्या सिंथेसायझरवर बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना अशाच केल्या, आठ ट्रॅकच्या टेपवर, आणि पुढच्याच वर्षी ही तोकातासुद्धा. तेव्हा मी काही नवीन करत नव्हतो. तरी माझं ऐकताना दातांत खडा आल्यासारखं व्हायचं आणि कारण सापडत नव्हतं.

तुम्ही तंबोरा लावलात, खर्जाची तार छेडलीत आणि म्हणालात, "हिच्यात गंधार आहे. कुणी लावलेला नाही, आपोआप येतो. तो ऐका." पहिली पाच मिनिटं मला काहीच ऐकू आलं नाही. आईच्या मांडीवर बसून लहानपणापासून ऐकलेलं वाद्य, आणि काहीच नाही! मग घोडीवरचा सुताचा धागा तुम्ही केसभर सरकवलात आणि तो वरून उतरल्यासारखा आला. त्यानंतर माझं रेकॉर्डिंग लावलंत. आता मलाही कळलं.

घरी येऊन हिशेब मांडला. आमच्या यंत्रात स्वराची उंची विजेच्या दाबावर ठरते: एका सप्तकाला एक व्होल्ट. क्वांटायझर नावाचा भाग त्याचे बारा सारखे तुकडे करतो, म्हणजे पेटीसारखंच. त्या हिशेबाने गंधार येतो सुमारे 333 मिलिव्होल्टवर. तंबोऱ्यातला गंधार, म्हणजे षड्जाच्या चार कंपनांना पाच कंपनं या प्रमाणातला, 322 वर. फरक अकरा मिलिव्होल्टचा. षड्जाबरोबर धरला की सेकंदाला दहाएक हेलकावे. माझा खडा तो हाच. क्वांटायझरची वायर उपटली, षड्ज चालू ठेवला आणि बटण कानाने फिरवत गेलो. हेलकावे मंदावले, लांबले, आणि एका जागी थांबले. रात्रीचे दोन वाजले होते, नाहीतर तेव्हाच फोन केला असता.

गंमत पुढेच आहे. ही तोकाता तुताऱ्यांसाठी आहे, आणि त्या काळच्या तुतारीला बोटांनी दाबायच्या कळा नव्हत्या. फुंकर कमीजास्त करून नळीतून आपोआप निघतील तेवढेच स्वर. तिचा गंधारही पाचवा उपस्वर (मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा), म्हणजे तुमच्या खर्जातला तोच! शिवाय खालच्या दोन तुताऱ्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त षड्ज आणि पंचम धरून उभ्या. चारशे वर्षांपूर्वीच्या मांतुआत तंबोराच वाजत होता म्हणा ना. मी तो पेटीवर बसवायला निघालो होतो.

दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता बोललात. बाहेरून आलेलं वाद्य लगेच लावायचं नाही, खोलीत बसू द्यायचं. माझे ऑसिलेटर, म्हणजे यंत्रातले स्वर काढणारे भाग, पहिल्या ओळीपासून तिसऱ्या ओळीपर्यंत सरकायचे आणि मी त्यांना शिव्या घालायचो. आता तासभर आधी यंत्र चालू करतो, पंखा बंद, खिडकी बंद. घामाघूम होतो, पण सूर जागेवर राहतो.

एक आगाऊपणाही केला, कबूल करतो. खालच्या षड्जावर फिल्टर (आवाजातले उपस्वर कमीजास्त करणारा भाग) सावकाश फिरवून जवारीसारखं काहीतरी काढलं. ऐकायला झकास, पण तुतारीला कुठली आलीय जवारी? दोन दिवस मिरवलं आणि पुसून टाकलं.

एक भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. सगळ्यात वरच्या तुतारीच्या ओळीत मध्यम येतो. नळीतून निघतो तो अकरावा उपस्वर, शुद्धही नाही आणि तीव्रही नाही, मधेच लोंबकळणारा. वाजवणारे ओठांनी तो सावरून घेत. माझ्या यंत्राला ओठ नाहीत. शुद्ध ठेवला तर गुळगुळीत वाटतं, तसाच सोडला तर ऐकणारे मला बेसूर ठरवतील. सध्या दोन्ही टेक ठेवलेत.

दिवाळीनंतर तंबोऱ्याच्या तारा बदलायला येतोय, तेव्हा हा मध्यम बरोबर आणतो. हेडफोनची पिन आधीच काढून ठेवीन.

तुमचा,
कोपऱ्यातला लॅपटॉपवाला