पत्राचा अर्धा भाग आईसाठी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही तिसऱ्यांदा तेच विचारलंत. "आयुष्यभर तूप मोजून खाल्लं, तंबाखूला हात लावला नाही, मग स्टेंट मलाच का?" मी काहीतरी गुळमुळीत बोलून विषय बदलला. आज नीट लिहिते. पत्राचा अर्धा भाग आईसाठी आहे आणि तो तिने स्वतः चष्मा लावून वाचायचा. तुम्ही वाचून "काही नाही, नेहमीचंच" असं तिला सांगायचं नाही.

ब्लॉकेज म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मोरीचा तुंबलेला पाइप येतो. पण रक्तवाहिनी जिवंत असते. वाईट कोलेस्टेरॉलचे, म्हणजे एलडीएलचे कण तिच्या अस्तराखाली शिरून अडकतात आणि तिथेच खराब होतात. मग पांढऱ्या पेशी ते गिळायला आत घुसतात. खाऊन खाऊन त्या इतक्या फुगतात की सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसतात, आणि पुष्कळशा तिथेच मरतात. झाडायला आलेल्यांचाच कचरा होतो म्हणा ना. त्यांच्या हाकेने टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार, येतात, त्या आणखी कुमक बोलावतात, आणि वर्षानुवर्षं आत धुमसत राहतं. वरचं आवरण पातळ होऊन फाटलं की रक्ताची गुठळी होते. म्हणून फारसा न अडवणारा ब्लॉकेजही एखाद्या दिवशी घात करतो. तूप हा या गोष्टीतला एक धागा झाला. वय, बीपी, साखर, आनुवंशिकता हे बाकीचे.

प्रतिपिंडांचं, म्हणजे परक्या गोष्टींना ओळखून चिकटणाऱ्या, शरीरानेच बनवलेल्या प्रथिनांचं, तर आणखी गमतीचं आहे. काही प्रतिपिंडं खराब झालेल्या एलडीएलला चिकटून पेशींना ते गिळू देत नाहीत, म्हणजे आपल्याच बाजूची. 2003 साली उंदरांना न्यूमोकोकस जंतूंची लस टोचली, तर त्यातून तयार झालेली प्रतिपिंडं या खराब कणांनाही ओळखू लागली आणि रक्तवाहिन्यांतला थर कमी वाढला. जंतूवरची आणि त्या कणावरची एक खूण सारखीच निघाली! माणसांत असं होतं हे सिद्ध झालेलं नाही, पण तुम्ही टाळताय ती न्यूमोनियाची लस फुफ्फुसांसाठी तरी घ्याच.

या धुमसण्यावरच, म्हणजे दाहावरच, औषध दिलं तर? 2017 मध्ये कॅनाकिनुमॅबची चाचणी प्रसिद्ध झाली. हे औषधही एक प्रतिपिंडच, दाह पेटवणारा एक निरोप अडवणारं. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेले 10,061 रुग्ण होते. एलडीएल जागचं हललं नाही, तरी मधल्या मात्रेत अ‍ॅटॅक, पक्षाघात आणि हृदयरोगाचे मृत्यू मिळून साधारण 15 टक्के कमी झाले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. सैन्य निःशस्त्र केलं की चोरांचं फावतं. त्यामुळे ते औषध हृदयासाठी रुळलं नाही. तुमची कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिनची गोळी दाहही थोडा उतरवते, ती मनाने बंद करू नका.

आणि हो, गाऊटवरची कोल्चिसिनची गोळी काही हृदयरुग्णांना देतात, हे शेजारच्या काकांनी वाचलंय ते खरं आहे. आपल्या गडग्यावर पावसाळ्यात लाल-पिवळी फुलते त्या कळलावीत तेच द्रव्य असतं, हेही खरं. म्हणून तिचा कंद उगाळून घ्यायचा नाही! औषधाची मात्रा अर्धा मिलिग्रॅम असते; कंदात किती आहे ते कोण मोजणार? त्याने माणसं दगावलेली आहेत. काकांना माझं नाव सांगा.

आता आई, तुझं. लॅबमध्ये रोज कितीतरी लोकांचे आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठीच्या रक्ततपासण्या, माझ्या हाताखालून जातात. तो फॅक्टर म्हणजे आपल्याच प्रतिपिंडांवर उलटलेलं प्रतिपिंड. तुझा 14 वर्षांपूर्वी पॉझिटिव्ह आला तेव्हा आपण सगळे तुझ्या बोटांकडेच पाहत राहिलो. हा संधिवात सांध्यांपुरता राहत नाही, तोच दाह रक्तवाहिन्यांतही चालतो. अशा रुग्णांचा हृदयाचा धोका मोजताना आलेला आकडा दीडपट धरावा, असं युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते. शिवाय दाह जोरात असला की कोलेस्टेरॉल उलट कमी दिसू शकतं. तुझा "नॉर्मल" रिपोर्ट आपण फ्रिजवर चिकटवला होता, आठवतं?

बाबांच्या स्टेंटनंतर घरातलं तेल, मीठ, चालणं सगळं त्यांच्याभोवती फिरतंय आणि तू त्यांच्या गोळ्यांचा डबा भरतेस. तुझी संधिवाताची, आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी मात्र मळमळतं म्हणून दोनदा चुकली, हे मला बाबांकडून कळलं. दुकानातून आणतेस ती डायक्लोफेनॅकही बंद कर, ती हृदयाला बरी नाही. दुखण्यासाठी डॉक्टर दुसरं देतील. जिना चढताना धाप लागते, जबडा दुखतो, आणि तू पित्त म्हणून आमसुलाचं पाणी पितेस. बायकांचा अ‍ॅटॅक पुष्कळदा असाच पित्ताच्या नावाखाली येतो.

मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघते. शनिवारी अकराची अपॉइंटमेंट आहे, तुझ्या नावावर. बाबा सोबत येतील, फाइल धरायला. त्याआधी पुन्हा धाप लागली किंवा जबडा दुखला, तर शनिवारची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा.

तुमची,
धाकटी