एक दिवसाआड गोळी

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "आमचं छान चाललंय, तू तुझं बघ" एवढं म्हणतेस आणि नातवाला बोलवायला सांगतेस. म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच, आणि बाबांनाही वाचून दाखव.

परवा बोलता बोलता बाबांच्या तोंडून निघून गेलं की रक्तदाबाची गोळी तू हल्ली एक दिवसाआड घेतेस. "पट्टी दोन महिने पुरते," असं ते अगदी सहज म्हणाले. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. त्यांनीच आणखी एक सांगितलं. संध्याकाळी तू खोलीत दिवा न लावता बसतेस. आणि मी दर महिन्याला पाठवते ते पैसे तू हातही न लावता माझ्याच नावाने बाजूला ठेवते आहेस, "परदेशात कधी काय वेळ येईल सांगता येत नाही" म्हणून.

आई, मला तुझा राग आलेला नाही, पण फार वाईट वाटलं. त्याहून वाईट याचं वाटलं की मीही तुझ्याशी तेच करत होते. इथेही सगळं महागलंय. घरभाडं वाढलं, वीज वाढली, महिन्याचं सामान वाढलं. पगार त्या मानाने जागेवरच आहे. गेलं वर्षभर आम्हीही ओढूनताणून महिना काढतोय. तुला मात्र सांगत होते की काही कमी नाही. म्हणजे दोन्ही घरांत हात आखडलेला, आणि दोन्हीकडे एकमेकांपासून लपवणं चालू. हे आता थांबवूया. माझं मी सगळं सांगते, मग तू तुझं सांग.

आमचं पहिलं चुकलं ते असं की आम्ही घाबरून सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या कापायला लागलो. मुलाचा पोहण्याचा वर्ग बंद केला, बाहेर जाणं बंद केलं, थंडीत खोली गरम करायचंही टाळलं. घरात सगळे चिडचिडे झाले आणि महिनाअखेरीला शिल्लक होती तेवढीच. तेव्हा मला तुझी वही आठवली. रात्री सगळं आवरल्यावर जमिनीवर बसून तू लिहायचीस ती. मी वही आणली आणि एक महिना काहीही न कापता फक्त लिहिलं, अगदी सुट्ट्या नाण्यांपर्यंत. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्च लिहिण्यासाठी खास वही काढली, आणि तिथल्या कितीतरी घरांत आजही तशी वही लिहितात, हे मला अलीकडेच कळलं. वाचताना तूच डोळ्यांसमोर आलीस.

महिन्याने पानं उलटली तेव्हा जिथे कापत होतो तिथे पैसे जातच नव्हते. जात होते ते न दिसणाऱ्या जागी. मोबाइलवरच्या तीन सेवांचे पैसे खात्यातून आपोआप वळते होत होते; त्यातली एक आम्ही वर्षभर उघडलीसुद्धा नव्हती. आणि क्रेडिट कार्ड. हे सांगायला जड जातंय, पण सांगते. चार महिने आम्ही बिलावर छापलेली कमीत कमी रक्कम तेवढी भरत होतो आणि वाटत होतं की भागतंय. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला बारीक वाटतं, पण व्याजावर व्याज चढत गेलं की वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. दुसऱ्या कशातही इतके पैसे वाया जात नव्हते. आधी ते फेडलं, कार्ड कपाटात ठेवलं. ते फिटल्यावर पोहण्याचा वर्ग पुन्हा सुरू झाला.

आता दिव्याचं. आई, हे नीट वाच, कारण तू अंधारात बसतेस हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. विजेचं एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण तासभर चालणं. तुमच्या खोलीतला एलईडी दिवा १० वॅटचा असेल. तो रोज संध्याकाळी पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिट होतं. बस, एवढंच. उलट आंघोळीची एक बादली घे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. त्या एका बादलीच्या विजेत तुझा दिवा जवळजवळ ३५ तास जळला असता. म्हणजे बाबांनी एका दिवशी एक बादली गरम पाणी कमी घेतलं की तुझ्या आठवडाभराच्या संध्याकाळी उजेडात जातात! उष्णता तयार करणाऱ्या वस्तू वीज खातात: गीझर, इस्त्री, हीटर. उजेड आता फार स्वस्त झालाय. जुना पिवळा बल्ब ६० वॅटचा असायचा, तेव्हा तुझं "दिवे मालवा रे" बरोबर होतं. आता तेवढाच उजेड आठ-नऊ वॅटमध्ये मिळतो. सवय तीच राहिली, हिशोब बदलला. कुठे एखादा जुना बल्ब असेल तर तो मात्र आधी बदल.

पंखाही बंद करू नकोस. साधा पंखा ७०-७५ वॅटचा असतो, त्या एका बादलीच्या विजेत साडेचार-पाच तास फिरतो. उकाड्यात घामाघूम होऊन बसण्यापेक्षा गीझर किती अंशांवर ठेवलाय ते बघ आणि पाणी तापलं की बटण बंद कर. टीव्हीच्या डब्यासारखी उपकरणं रिमोटने बंद केली तरी आत वीज घेत राहतात. पाच वॅट वर्षभर रात्रंदिवस म्हणजे सुमारे ४४ युनिट. ते बटण भिंतीवरून बंद करत जा. फ्रिजच्या दारात एक कागद धरून दार लावून बघ. कागद सहज ओढून निघाला तर दाराचं रबर सैल झालंय, गारवा बाहेर जातोय. आमचं तसंच झालं होतं.

गॅसबद्दल मी तुला काय सांगणार! पाणी उकळल्यावर आच मोठी ठेवून काही मिळत नाही, हे तू मला ओरडून ओरडून शिकवलंस. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, मोठ्या आचेने फक्त वाफ जास्त होते. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे ते १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून लवकर शिजतं, आणि एकदा दाब धरला की बारीक आच पुरते. माझ्या मुलाला हे शाळेत विज्ञानात आलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या आईने मला आधीच सांगितलंय.

त्या मुलाचं तुला कौतुक वाटेल. आम्ही त्याला बसवून सगळं सांगितलं: यंदा काय जमेल, काय नाही. वाटलं होतं रडेल. तो म्हणाला, "मग मी काय करू?" आता सामान आणायला जाताना तो पाकिटावरचं वजन वाचतो आणि मोबाइलवर भाग देऊन किलोचा भाव काढतो. त्यानेच पकडलं की आम्ही नेहमी घेतो त्या एका पाकिटात १ किलोऐवजी ९०० ग्रॅम यायला लागलंय. किंमत तीच, पाकिटाचा आकारही तोच. म्हणजे भाव ११ टक्क्यांनी वाढला आणि कोणी बोललंही नाही. तूही बघत जा. "तीनवर एक फुकट" हेही तो आता तपासतो. त्या चारातला एक जरी खराब होऊन फेकला, तरी सवलत शून्य होते.

आणि फेकणं. वहीत हा खर्च दिसत नाही, कारण आपण तो सामान आणलं त्या दिवशीच लिहून मोकळे झालेलो असतो. मी आठवडाभर काय काय टाकलं ते वेगळ्या कागदावर लिहिलं आणि मला शरम वाटली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ सालचा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं जवळजवळ ६० टक्के घराघरांतून. मला वाटायचं हे सगळं हॉटेलांत आणि दुकानांत होत असेल. आता आधी फ्रिज उघडून मग यादी करते, उरलेलं डोळ्यांसमोरच्या कप्प्यात ठेवते, आणि आठवड्यातून एक दिवस नवीन काही न करता आहे ते संपवतो. हे तू आयुष्यभर केलंस. मीच विसरले होते.

बाबा, ही पुढची गोष्ट तुमच्यासाठी. तुम्ही विचारत होता की बातम्यांत महागाई कमी झाली म्हणतात, मग आपल्याला ती दिसत का नाही. महागाईचा दर कमी झाला म्हणजे भाव उतरत नाहीत, ते फक्त सावकाश चढतात. वर्षाला ६ टक्क्यांनी चढले तरी १२ वर्षांत दुप्पट होतात. ७२ला दराने भागायचं, एवढा सोपा हिशोब आहे. दुसरं म्हणजे बातम्यांतला आकडा सरासरी घराचा असतो, आपल्या घराचा नसतो. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधल्या कुटुंबांचे खर्च अभ्यासून दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी, तितका खाण्यावर जाणारा वाटा मोठा. म्हणजे अन्न महागलं की मोठ्या पगारवाल्याला ओरखडा आणि पेन्शनीत भागवणाऱ्याला जखम. त्यात तुमच्या वयाला औषधं वाढतात. तेव्हा तुमच्या घरची महागाई बातम्यांतल्या आकड्यापेक्षा जास्त असणार, आणि तुम्हाला भागत नसेल तर त्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. आयुष्यभर चोख व्यवहार केलेल्या माणसाला हात आखडावा लागला की लाज वाटते, हे मला तुमच्या आवाजात ऐकू आलं. ती लाज नका बाळगू.

आता पुन्हा गोळी. आई, रक्तदाब वाढलेला बहुतेक वेळा कळतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि आत रक्तवाहिन्यांवर, हृदयावर, मूत्रपिंडावर ताण पडत राहतो. "मला तर काही त्रास नाही" हे म्हणूनच खरं धरता येत नाही. गोळी रोजच्या रोज घ्यायची म्हणजे रोजच. अर्धी मोडूनही घेऊ नकोस, काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी केलेल्या असतात आणि मोडल्या की बिघडतात. खर्च कमी करायचाच असेल तर डॉक्टरांना सरळ सांग की हे औषध परवडत नाही. हे सांगण्यात कमीपणा नाही. मीही इथे माझ्या डॉक्टरांना तेच सांगितलं. रक्तदाबाच्या बऱ्याच औषधांची जेनेरिक गोळी मिळते, त्यात मूळ औषधी द्रव्य तेच आणि तेवढंच असतं, किंमत मात्र बरीच कमी. पण बदल डॉक्टरांना विचारूनच. तोवर आहे तीच गोळी, रोज.

आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही एक छोटी यादी केली आहे, ज्याला हात लावायचा नाही अशा गोष्टींची: औषधं, चष्मे, दात, विम्याचा हप्ता, मुलाची पुस्तकं. त्यात मी परवा रात्री तुझी गोळी आणि तुमच्या खोलीतला दिवाही लिहिला. बाजूला ठेवलेले माझे पैसे त्यासाठी मोड. माझ्यासाठी तू ते जपलेस हे कळलं तेव्हा रडू आलं, पण मला ते खात्यात नकोत. ते पाठवताना आम्ही काय काय सोडलं ते आता तुला ठाऊक आहे, तेव्हा ते पडून राहू देऊ नकोस.

एक कर. या महिन्याच्या तुझ्या वहीच्या पानाचा फोटो नातवाला पाठव. खाडाखोड असू दे, अक्षर कसंही असू दे. आमच्या पानाचा फोटो मी या पत्राबरोबरच पाठवतेय, कार्डाचं व्याजही त्यात लिहिलेलं आहे. यापुढे दर एक तारखेला दोन्ही पानं समोर ठेवून बोलूया. नातू म्हणतोय, आजीचा हिशोब मी तपासणार.

आणि गोळी घेतलीस की रोज सकाळी त्याला एक शब्द पाठव. तो शाळेत जायच्या आधी फोन बघत बसतो.

बाबांना नमस्कार.

तुझी,
मोठी लेक