नानांना टाम्पेरेहून पत्र

टाम्पेरे, फिनलंड

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पोळा चांगला झाला असेल. तुम्ही फोनवर विचारलं होतं, तिकडे कोणता मासा लागतो आणि गांडूळ लावता का. ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून निवांत लिहितो.

इथला दांडगा मासा म्हणजे पाईक. हिरवट अंग, त्यावर फिकट ठिपके, तोंड लांब आणि चपटं. पाठीवरचा पर पार शेपटीजवळ, त्यामुळे उभ्या जागेवरून एकदम झेपावतो. आपल्या मरळीसारखाच दबा धरणारा. हतनूर काय, गिरणा काय, आपलं पाणी भिंतीनं अडवलेलं. इथली तळी हिमयुगातल्या बर्फानं कोरलेली. आम्ही जातो त्या जंगलातल्या लहान तळ्यात लव्हाळ्याचं रान वर्षानुवर्षं एकाच जागी असतं आणि पाईक त्याच्याच कडेला सापडतो.

गांडूळ नाही, नाना. गळ लावलेला पत्र्याचा चमचा, नाहीतर खोटा मासा. इथल्याच लौरी रापाला नावाच्या कोळ्यानं १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरला आणि त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला. कळपात जो मासा वेडावाकडा पोहतो त्यालाच मोठा मासा धरतो, हे त्यानं हेरलं होतं. तुम्हीही असंच पाणी बघत बसता, म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटतं.

खरी गंमत थांबण्यात आहे. चमचा ओढायचा आणि मध्येच हात सोडायचा. तो डोलत खाली निघाला की झडप येते. कधी पाईक नावेपर्यंत नुसता मागे मागे येतो. तेव्हा चमचा पाण्याबाहेर न काढता काठीच्या टोकानं नावेलगत इंग्रजी आठचा आकडा काढायचा. त्या वळणावर तो जबडा उघडतो, आतले मागे कललेले दात स्वच्छ दिसतात. म्हणून गळाच्या वर वीतभर पोलादी तार लागतेच. नायलॉन तो कापून टाकतो.

लहान पाईक आम्ही काळ्या मसाल्यात करतो. मायला सांगा, काटे फार, बेचक्याच्या आकाराचे, पण रस्सा झकास होतो. मोठा मात्र लांब पकडीनं गळ काढून लगेच सोडतो. मोठ्या बहुतेक माद्याच असतात. बर्फ वितळल्यावर उथळ गवतात त्याच अंडी घालतात. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे गाभोळीचे मासे सरसकट धरतात, ते मला आता बघवत नाही.

गावाकडे येणाऱ्या मित्राबरोबर दोन चमचे आणि रबरी बेडूक पाठवतोय. बेडूक मरळीसाठी. सकाळी शेवाळाच्या कडेनं टाका, हळू ओढा, थांबा. पाण्यावर तांबड्या पिलांची झुंड दिसली तर तिथे टाकू नका. खाली मरळ राखण करत असते. ती गेली की पिलं इतर मासे खाऊन टाकतात.

मायला नमस्कार.

तुमचा धाकटा