जाहिरात लिहायला शिकवतो, मग वाचायला का नाही?

माननीय संपादक,
स. न.

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनात ‘जाहिरात लेखन’ असते. मुले पन्नास-साठ शब्दांत छत्रीची, उन्हाळी शिबिराची, पुस्तक प्रदर्शनाची जाहिरात लिहितात. घोषवाक्य, सवलत, पत्ता, वेळ हे सगळे नीट बसले की गुण मिळतात. कृती चांगलीच आहे. पण रोज डोळ्यांसमोरून जाणारी जाहिरात आपल्या मनावर काय करते, हे पाहायला वेळापत्रकात एकही तासिका नाही. त्यातही विनोदी जाहिरात सगळ्यांत निसटती असते. ती मुलांना आवडते, पाठ होते, मधल्या सुट्टीत तिची नक्कल होते आणि म्हणूनच तिची तपासणी कधी होत नाही. जाहिरात लेखनाच्या घटकालाच जोडून दोन तासिका ‘जाहिरात वाचना’ला द्याव्यात, ही आमची मागणी आहे.

विनोद नेमके काय करतो, ते फेव्हिकॉलच्या जाहिरातींत सर्वांत स्पष्ट दिसते. कोंबडीने घातलेले अंडे काही केल्या फुटत नाही. का, तर ती फेव्हिकॉलच्या डब्यातून दाणे टिपत होती. आत, बाहेर, टपावर माणसांनी लगडलेली बस खाचखळग्यांतून हेलकावत जाते आणि एकही माणूस पडत नाही. मागच्या बाजूला फेव्हिकॉलची पाटी असते. दोन्ही ठिकाणी आधी काहीतरी अशक्य दिसते, मन एक क्षण अडखळते, कारण शोधते आणि कारण म्हणून सापडतो तो डबा. ‘आमचा गोंद मजबूत आहे’ असे कोणीही म्हणत नाही. ते वाक्य प्रेक्षक स्वतःच मनात पूर्ण करतो. दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीवर आपण शंका घेतो, स्वतः काढलेल्या निष्कर्षावर सहसा घेत नाही. विनोदाची खरी ताकद इथे आहे. ही त्याची पहिली वाट.

दुसरी वाट लक्ष वळवण्याची. लिऑन फेस्टिंगर आणि नेथन मॅकोबी या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिथल्या महाविद्यालयांतल्या ‘फ्रॅटर्निटी’ या विद्यार्थी-मंडळांवर कडक टीका करणारे भाषण मंडळांच्याच सदस्यांना ऐकवले. काहींना पडद्यावर बोलणारा वक्ता दिसत होता, काहींना भाषण चालू असताना भलताच एक गमतीदार चित्रपट. गंमत पाहत ऐकणाऱ्यांवर भाषणाचा परिणाम जास्त झाला, कारण मनातल्या मनात उलटे मुद्दे काढायला त्यांना उसंतच मिळाली नाही. हसणारे मन हुज्जत घालत नाही.

तिसरी वाट सरावाची. १९६६ पासून फलकांवर दिसणारी ‘अमूल’ची मुलगी बातमीवर कोटी करते. त्यात लोण्याचा दर्जा क्वचितच सांगितलेला असतो. ओळखीचा चेहरा पुन्हापुन्हा, तोही चांगल्या मनःस्थितीत, समोर येतो. वारंवार दिसलेली गोष्ट केवळ दिसण्यामुळेच जवळची वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले होते.

मात्र विनोद सगळीकडे चालत नाही आणि याची कारणे मुलांना कळणे तितकेच गरजेचे आहे. विनोद वस्तूच्या गुणातून आला नसेल तर तो वस्तूलाच गिळतो. २००९ च्या आयपीएलमध्ये आलेले व्होडाफोनचे झूझू, म्हणजे मोठ्या डोक्याची ती पांढरी पात्रे, अनेकांना आठवतील. कोणता झूझू फोनची कोणती सेवा सांगत होता, हे मुलांनी घरी विचारून पाहावे. शिवाय जाहिरातींचे अभ्यासक मार्टिन आयझेंड यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की विनोदाने लक्ष वेधले जाते, जाहिरात आवडते, खरेदीची इच्छाही वाढते, पण सांगणाऱ्याची विश्वासार्हता मात्र घटते. च्युइंगगम किंवा गोंद घेताना याने फारसे बिघडत नाही. फसलो तर नुकसान थोडेच. लाखभर रुपये शुल्क असलेला क्लास किंवा कर्ज घेताना मात्र हसून झाल्यावर थांबायलाच हवे.

मुंबईची भारतीय जाहिरात मानक परिषद ही जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था १९८५ पासून काम करते. तिच्या संहितेत एक समंजस तरतूद आहे: हसवण्यासाठी केलेली उघड अतिशयोक्ती चालेल, पण ती गंमत आहे हे स्पष्ट कळले पाहिजे आणि तिचा अर्थ कोणी शब्दशः घेण्याजोगा नसावा. न फुटणारे अंडे या कसोटीला उतरते. ‘महिनाभरात वर्गात पहिला’ हे वाक्य विनोदाच्या आवरणात आले तरी उतरत नाही, कारण ते खरे मानणारा पालक कुठेही सापडेल.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहिले, तो. विनोद वस्तूवर आहे की माणसावर? काही जाहिरातींत हशा पिकतो तो इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या मुलावर, जाड मुलीवर, फळ्यासमोर गप्प उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यावर. मग वस्तू येते आणि तोच मुलगा टाळ्या घेतो. इथे विकली जाते ती वस्तू नव्हे, ‘तू आहेस तसा पुरेसा नाहीस’ ही समजूत विकली जाते. गंभीर आवाजात कोणी असे म्हटले असते तर मूल दुखावले असते, चिडले असते, निदान प्रतिवाद तरी केला असता. हसताहसता मात्र तेच वाक्य आत शिरते. सावळ्या रंगाच्या व्यक्ती दुःखी किंवा मागे पडलेल्या दाखवू नयेत, असा नियम याच परिषदेने २०१४ मध्ये त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांसाठी केला. बोलण्या-शिकण्यातल्या अडचणींवरच्या विनोदालाही हीच दृष्टी लावायला हवी, असे आमचे ठाम मत आहे.

‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केली. त्यांनी चार उगम सांगितले. पहिला आणि सर्वांत बळकट, स्वतः करून जमलेले काम. दुसरा, आपल्यासारख्याच कोणाला तरी जमताना पाहणे. तिसरा, दुसऱ्याने दिलेला धीर. चौथा, त्या वेळची शरीर-मनाची अवस्था: धडधड, भीती, किंवा मोकळेपणा. जाहिरात दुसरा, तिसरा आणि चौथा हाताळू शकते: यशस्वी चेहरा दाखवते, ‘तू करू शकतोस’ म्हणते, हसवून ताण हलका करते. पहिला उगम तिच्या हातात नाही. म्हणून जाहिरात पाहून आलेला हुरूप पहिल्या अवघड गणितापाशी ओसरतो आणि मूल त्याचा दोष स्वतःला देते. इंग्रजी बोलण्याचेच घ्या. रोज दोन मिनिटे एकाच विषयावर बोलून फोनवर ध्वनिमुद्रण करावे, पहिल्या आणि तिसाव्या दिवसाचे शेजारी ठेवून ऐकावे, अडखळलेल्या जागा मोजाव्यात. आकडा कमी झालेला स्वतःच्या कानांनी ऐकला की जो विश्वास येतो तो टिकतो. आकडा कमी झाला नाही, तर विषय सोपा करावा आणि वेळ एका मिनिटावर आणावी. सुरुवातीलाच मोठे लक्ष्य ठेवल्याने मुले सोडून देतात, क्षमता नसल्यामुळे नव्हे.

क्लासच्या जाहिरातींबाबत कायदा पालकांच्या बाजूने आहे, फक्त तो माहीत नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार यशस्वी उमेदवाराचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीने, तीही निवड झाल्यानंतर घेतलेली असेल तरच छापता येते. त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला आणि तो सशुल्क होता की नाही, हेही सांगावे लागते. निवडीची हमी देता येत नाही. हा नियम का लागला? स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या फलकावर झळकणाऱ्या अनेकांनी त्या संस्थेत केवळ मुलाखतीचे मार्गदर्शन घेतलेले असे आणि पूर्व-मुख्य परीक्षेची मेहनत दुसरीकडे किंवा घरी केलेली असे. याच प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांत मुलांसाठीच्या जाहिरातींबाबतही म्हटले आहे, की एखाद्या वस्तूने बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढते असा दावा पुरेशा शास्त्रीय आधाराविना करता येणार नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दोन तासिकांत काय करावे? तीस सेकंदांच्या दोनच जाहिराती घ्याव्यात: एक वस्तूवर हसवणारी, दुसरी माणसावर. आधी आवाज बंद करून दाखवावी आणि ‘काय विकत आहेत?’ याचे एका ओळीत उत्तर लिहून घ्यावे. मग चित्र झाकून फक्त आवाज. मग पूर्ण. चार-पाच जणांच्या गटातल्या एकाने फोनवरचे घड्याळ लावून तीन गोष्टी कितव्या सेकंदाला आल्या ते टिपावे: पहिले हसू, पहिल्यांदा नाव, पहिल्यांदा दावा. हसू आणि नाव जवळजवळ असतील तर आनंद नावाला चिकटतो. दावा ऐकूच आला नसेल तर तीही नोंद महत्त्वाची. त्यानंतर वस्तू बदलून पाहावी. गोंदाच्या जागी साबण ठेवला तरी गंमत तशीच राहत असेल, तर ती गंमत वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. शेवटी विनोद पूर्ण काढून उरलेला दावा साध्या वाक्यात लिहावा आणि त्याला प्रश्न विचारावेत. गोंद असेल तर कोणत्या पृष्ठभागावर, किती वेळ दाबून, पाणी लागल्यास काय? उत्तरे डब्यावरच शोधता येतात. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत फक्त दोन गोष्टी विचाराव्यात, गंमत काय होती आणि जाहिरात कोणत्या वस्तूची होती, आणि दोन्हींची बरोबर उत्तरे वेगवेगळी मोजावीत.

यात चुकायच्या जागाही आहेत. मुलांची सर्वांत लाडकी जाहिरात निवडली तर तासिका नकलांत संपते. शिक्षकाने उत्तर आधीच सांगितले तर मुले तेच लिहितात. ‘सगळ्या जाहिराती खोट्या’ असा निष्कर्ष निघाला तर तो खोडून काढावा, कारण वस्तूच्या खऱ्या गुणावर उभी असलेली विनोदी जाहिरात हे प्रामाणिक आणि अवघड कसब आहे. बोलताना अडखळणारे किंवा वजनावरून चिडवले जाणारे मूल वर्गात असेल तर त्याच व्यंगावरची जाहिरात पडद्यावर मुळीच लावू नये, दुसरी घ्यावी. प्रोजेक्टर नसलेल्या शाळेत वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात किंवा एसटी स्टँडवरच्या फलकाचा फोटो पुरतो. तिथे सेकंदांऐवजी नजर आधी कुठे गेली याचे क्रमांक लिहावेत.

परीक्षेतही यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका लागणार नाही. जाहिरात लेखनाच्या कृतीला पर्याय म्हणून छापील जाहिरात देऊन एवढेच विचारता येईल: ‘या जाहिरातीतील विनोद काढल्यास उरणारा दावा एका वाक्यात लिहा. तो तपासण्यासाठी विक्रेत्याला कोणते दोन प्रश्न विचाराल? विनोद कोणावर आहे ते सांगून, कोणालाही कमी न लेखता तीच जाहिरात पन्नास शब्दांत पुन्हा लिहा.’ राज्य मंडळाच्या मराठी अभ्यास मंडळाने यावर विचार करावा, ही विनंती.

आपले,
माध्यम-अभ्यासाचे अध्यापक, पुणे