जोडांवरचा गंज

संपादक महोदय,

आमच्या सोसायटीच्या जिन्याला दिवाळीत स्टेनलेस स्टीलचे कठडे बसले आणि पहिल्याच पावसात जोडांपाशी गंजाचे तपकिरी ओघळ उतरले. 'माल खोटा' म्हणून सगळे चिडले. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत मी ३१ वर्षे टाक्या बांधल्या. या कठड्यांच्या पाइपांचा मधला भाग लखलखीत, गंज फक्त वेल्डिंगपाशी. दोष मालाचा नव्हे, कामाचा.

३०४ या नेहमीच्या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर काही नॅनोमीटरचा थर धरतो, तेच त्याचं कवच. वेल्डिंगने निळी-पिवळी झाक आली की खालचं क्रोमियम कमी झालेलं असतं. त्यावर साध्या लोखंडाचा तारेचा ब्रश फिरवला की लोखंडाचे कण रुततात, आणि गंज तिथूनच फुटतो. ती झाक पिकलिंग पेस्टने काढायची (हातमोजे घालूनच, त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं), मग नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाने पॅसिव्हेशन, म्हणजे ते कवच पुन्हा धरवणं, शेवटी भरपूर स्वच्छ पाणी.

परवा वॉचमन डाग घालवायला संडासाचं ॲसिड घेऊन आला. मी बाटली काढून घेतली. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल उरलंसुरलं कवचही खातं. कठडे करून घेणाऱ्यांनी पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक जोड दिवसभर ओला ठेवून गंज येतो का ते पाहावं.

– एक निवृत्त सुपरवायझर, मांजलपूर, बडोदे