जलाशयाचा काठ आधी मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जलाशयांवर जलक्रीडा असाव्यात की नसाव्यात, यावर आपल्या स्तंभात दोन्ही बाजूंची पत्रे येत आहेत. सगळा वाद पाण्यावरच चालला आहे. मला तो काठावर आणायचा आहे, कारण जलाशय बहुतेक वेळा काठाकडूनच बिघडत येतो.

धरणाचे पाणी एका रेषेवर थांबत नाही. ते पूर्ण संचय पातळीला, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर चढते त्या रेषेला, टेकते, उपसा सुरू झाला की मागे सरते आणि उतारावर लांबरुंद पट्टा उघडा पडतो. याच पट्ट्यावर सगळ्यांचा डोळा. कुणाला तिथे तंबू ठोकायचे असतात, कुणाला गाडी थेट पाण्यापर्यंत न्यायची असते आणि शेजारच्या बंगलेवाल्याला वाटते, आपल्या फाटकापुढची जमीन म्हणजे आपलीच. पट्टा कोरडा दिसला तरी तो बुडीत क्षेत्रच असतो. चाकांखाली गवत गेले आणि माती दबून घट्ट झाली की पावसाचे पाणी मुरत नाही. ते वाहते आणि माती घेऊन जाते. गाळाने साठवणक्षमता घटते हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच मातीच्या कणांना चिकटून फॉस्फरसही पाण्यात उतरतो, हे फारसे कुणी बोलत नाही. ऊन, संथ पाणी आणि फॉस्फरस एकत्र आले की निळ्या-हिरव्या शेवाळाला ऊत येतो. त्याच्या काही प्रकारांतले विष पाणी उकळूनही जात नाही. असे झाले की पोहणे सर्वांत आधी बंद करावे लागते. म्हणजे काठ मोकाट सोडून पर्यटनवाले आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात.

सरसकट बंदी मागणाऱ्यांचेही मला पटत नाही. अमेरिकेत बॉस्टन परिसराला पाणी देणाऱ्या क्वाबिन जलाशयात पोहायला मनाई आहे, तरी ठरावीक भागात होडीतून मासेमारी चालते आणि भोवतालच्या जंगलात लोक पायी हिंडतात. ते पाणी गाळणी प्रकल्पातून न नेता निर्जंतुक करून पुरवले जाते. पाणलोटातली आणि काठची जमीन राखली नसती तर हे जमले नसते. २००९ साली त्याच राज्यातल्या दुसऱ्या एका तलावात झेब्रा शिंपले सापडले, तेव्हा क्वाबिनवर बाहेरून येणाऱ्या होड्यांवर कडक निर्बंध आले. या शिंपल्यांची पिल्ले होडीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यातूनही प्रवास करतात आणि पुढे पाण्याचे नळ तुंबवतात.

अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाला जलाशयांवर मनोरंजनाच्या सोयी उभारण्याची मुभा १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने मिळाली. तिथे शेजारच्या घरमालकाला खासगी धक्क्याचा परवाना मिळू शकतो, पण कुठेही नाही. काठाची विभागणी आधीच झालेली असते. आणि परवाना मिळाला म्हणून काठाची मालकी मिळत नाही. इतरांना तिथून चालत जाता येते. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही तरतूद.

आणखी एक. सोयी उभारताना पाणी कायम वरच राहील असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतल्याच मीड जलाशयाची पातळी २००० नंतर घसरत गेली आणि जुलै २०२२ मध्ये १९३७ नंतरच्या नीचांकाला पोहोचली. होड्या उतरवायचे बरेच उतार पाण्यापासून दूर, कोरडेच राहिले.

तेव्हा जलक्रीडेची निविदा काढण्याआधी संबंधित खात्याने काठाचा नकाशा लोकांपुढे ठेवावा. लोकांनी कुठवर जायचे, गाड्या कुठे थांबायच्या, कोणता भाग पक्ष्यांना आणि गवताला सोडायचा, हे त्यात असावे. वाहनतळ आणि स्वच्छतागृहे पूर्ण संचय पातळीच्या बरीच वर हवीत. वेगवान बोटी काठापासून लांब ठेवाव्यात, कारण त्यांच्या लाटा काठाची माती कातरतात. शिवाय पूर्ण संचय पातळीचे सीमादगड जागेवर जाऊन दाखवावेत. त्यातले किती दगड कुणाच्या कुंपणाच्या आत जाऊन बसले आहेत, तेही तेव्हाच कळेल.

आपला,
एक नियमित वाचक