शिळे म्हणून ओतलेले पाणी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सकाळी पेपर हातात आला की मी आधी आतल्या पानावरचा ‘आज पाणी कुठे’ हा तक्ता बघते, बाकीच्या बातम्या मागाहून. छत्रपती संभाजीनगरात नळाला आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी येते, त्यामुळे इथे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला याचे नवल वाटणार नाही. पाण्याच्या बातम्या तुम्ही नेटाने छापता. धरण किती टक्के भरले, जलवाहिनी कुठे फुटली, पंपाची वीज किती वेळ गेली, कुठल्या भागाचा दिवस पुढे ढकलला, सगळे कळते. पण दर खेपेला आमच्या गल्लीत डोळ्यांदेखत जे घडते, त्याबद्दल कुठे काही छापून आलेले आठवत नाही. म्हणून हे पत्र.

पाण्याचा दिवस उजाडला की नळ यायच्या तासभर आधी एकच धांदल उडते. पिंपे आडवी होतात, हंडे-कळश्या पालथ्या पडतात, टाकीच्या तळाची तोटी सोडून दिली जाते आणि गेल्या खेपेचे उरलेले पाणी अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात जाते. का, तर ते शिळे झाले. ताजे येणार आहे, मग जुने कशाला ठेवायचे? आठवडाभर ज्या पाण्याला जिवापाड जपले, पोरांना तांब्याभर जास्त सांडले म्हणून रागे भरले, त्याच पाण्याची शेवटच्या तासात काडीची किंमत राहत नाही. त्यात नळ उशिरा आला, किंवा ‘तांत्रिक कारणाने’ दिवसच पुढे गेला, की हीच मंडळी कोरड्या पिंपापाशी उभी राहून फोन लावत बसतात आणि संध्याकाळी टँकर मागवतात.

मी हडको भागात राहते. खाली आम्ही दोघे आणि वरच्या दोन खोल्यांत शिकणाऱ्या तीन मुली भाड्याने, अशी पाच माणसे. जमिनीखालचा हौद दोन हजार लिटरचा, गच्चीवरची टाकी हजाराची, शिवाय दोनशे लिटरची दोन निळी पिंपे. सगळे तुडुंब भरले तर ३,४०० लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर मिळावेत असे सरकारी मानक आहे. त्या हिशेबाने आम्हाला आठ दिवसांना ५,४०० लिटर हवेत. साठवता येतात त्यात माणशी ८५ लिटर बसतात, आणि दोन खेपांमधला गॅप दहा दिवसांवर गेला की ६८. एवढ्यात भागते. पाहुणे आले तरी भागते, जरा ओढाताण होते इतकेच. माझी तक्रार कमी पाण्याबद्दल नाही. ज्यांचे ६८ लिटरमध्ये भागते, तेच शेवटच्या दिवशी शंभर-दीडशे लिटर ओतून देतात, याबद्दल आहे.

मुलींचे थोडे सांगते, कारण पाणी वापरायला माणूस कसा शिकतो ते मला त्यांच्यामुळे बघायला मिळाले. एक लातूरची, एक परभणीची आणि एक पुण्याची. पुण्याची मुलगी आली तेव्हा एक चमचा धुवायला नळ धो धो सोडायची आणि तो तसाच सोडून फोनवर बोलायची. तिला मी रागावले नाही. लातूरच्या मुलीने परस्पर तिच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाली, “अगं, आधी एवढ्यात धू, उरलं तर मला दे.” ही पोर शाळेत होती तेव्हा, २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मांजरा धरण आटले होते आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी लहान मुलांना बाजेवर बसवून आंघोळ घालत आणि खाली घमेले ठेवत. घमेल्यातल्या पाण्यात कपडे भिजत आणि कपड्यांचे पाणी संडासात जाई. हे ती अगदी सहज सांगते, त्यात दुःख-बिख काही नाही. “काकू, आम्हाला वाटायचं सगळीकडं असंच असतं.”

आता वरच्या मजल्यावर त्यांचेच कायदे चालतात. डोके धुवायचे वार वाटून घेतलेत, एका दिवशी दोघींनी केस धुवायचे नाहीत. डाळ-तांदळाचे पाणी कुंड्यांना. शुद्ध पाण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बादलीत, कारण ते यंत्र एक लिटर प्यायचे पाणी देताना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकते; त्याने फरशी पुसायची. धुण्याचे शेवटचे खळबळलेले पाणी संडासाच्या बादलीत. पुण्याची मुलगी आता कॉलेजातून फोन करून विचारते, “काकू, पाणी सुटलं का?” आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन आईला नळ बंद करायला लावते म्हणे. आईने मला फोनवर हसत हसत तक्रार केली.

लातूरला आलेल्या त्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होते सुमारे पाच लाख लिटर. सगळ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. आता साधा गुणाकार करून बघा. आमच्या शहरातल्या पाच हजार घरांनी पाण्याच्या दिवशी शंभर-शंभर लिटर शिळे म्हणून ओतले, तर तेवढीच गाडी गटारात रिकामी होते. अशी घरे खरोखर किती हे कुणी मोजलेले मला माहीत नाही. पण या शहरात पाच हजार घरे हा काही मोठा आकडा नव्हे.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळते : “धरण तर भरलेलं आहे, मग कशाला जपायचं?” नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, भरतो तेव्हा तुम्हीच पहिल्या पानावर दरवाजे उघडल्याचा फोटो छापता, तो बघून लोक म्हणतात की ही टंचाई खोटी आहे. पण जायकवाडीची पूर्ण पातळी १,५२२ फूट, आणि आपले शहर त्याहून तीनशेच्या वर फूट उंचावर वसलेले. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. तिथले पाणी पंपांनी उचलायचे, फारोळ्याला शुद्ध करायचे, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढवायचे आणि मग शहरातल्या टाक्यांमध्ये सोडायचे. पंपाची वीज थोडा वेळ गेली तरी सगळ्या शहराचे वेळापत्रक सरकते ते यामुळे. धरणात पाणी मुबलक असेल, पण घरात आलेले पाणी वर चढवून आणलेले आहे. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने नहर-ए-अंबरी या जमिनीखालच्या कालव्यातून या शहराला पाणी दिले ते उत्तरेकडच्या डोंगरांतून, उताराच्या जोरावर, विजेशिवाय. पुढे पाणचक्कीवर तर वाहत्या पाण्याने दळणही होत असे. आता आपण खालचे पाणी वर ओढतो, आणि ओढून आणलेले रस्त्यावर ओततो. शहराच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे पाणी रोज येईल तेव्हा येवो. तेही वर चढूनच येणार आहे.

आता ‘शिळे’ म्हणजे काय, ते बघू. आडाचे पाणी रोज सकाळी शेंदून आणायचे, तांब्याचा हंडा चिंचेने घासायचा, कालचे पाणी तुळशीला घालायचे, ही आपल्या घरांची जुनी रीत. माझ्या सासूबाई तसेच करत. पण त्या कालचे पाणी तुळशीला घालत, गटारात नाही, आणि आड अंगणातच होता. झाकून ठेवलेल्या पाण्याने आठ दिवसांनी कपडे धुतले, भांडी घासली, लादी पुसली, तर काहीही बिघडत नाही. प्यायच्या पाण्याचे तेवढे वेगळे. त्यातला क्लोरीनचा अंश हळूहळू उडून जातो, म्हणून ते उकळून घ्यावे, निराळ्या भांड्यात ठेवावे, हात न बुडवता ओगराळ्याने काढावे. एवढे केले की झाले.

खरी अडचण डासांची आहे, आणि ती मी नाकारत नाही. आरोग्य विभागाची माणसे घरी येतात, बॅटरीचा उजेड पिंपात मारून अळ्या शोधतात, औषधाचे थेंब टाकतात आणि ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असे सांगून जातात. बरोबरच सांगतात. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नेमका तेवढाच आपल्या नळाचा गॅप! बायकांना एकीकडून सांगतात पाणी जपा, दुसरीकडून सांगतात भांडी रिकामी करा. मग ज्यांना ते ओतून द्यायचेच असते त्यांना कारण मिळते.

पण पाणी ओतल्याने हा डास जात नाही, हे कुणी सांगतच नाही. त्याची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेघेला लागून, भांड्याच्या भिंतीवर. ती तिथे चिकटून बसतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. तुम्ही पिंप आडवे केले, न घासता परत भरले, की अंडी पुन्हा पाण्याखाली. शंभर लिटर गेले आणि डास राहिले. घासणे महत्त्वाचे आहे, ओतणे नव्हे. आमच्याकडे एका पिंपाचे पाणी बादल्यांनी दुसऱ्यात आणि हंड्यांत काढून ठेवतो, नारळाच्या काथ्याने आतली बाजू वरपासून खालपर्यंत घासतो, तांब्याभर पाण्याने विसळून ते मळके पाणी झाडाच्या आळ्यात टाकतो, आणि मग काढलेले पाणी कापडातून गाळून परत ओततो. अळी दिसलीच तर ते पाणी मोरीत न सोडता कोरड्या मातीवर टाकावे, अळ्या तिथे मरतात. तोंडाला जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा, दोरीने घट्ट बांधलेला. नुसते झाकण पुरत नाही, कारण निळ्या पिंपांची झाकणे कधीच नीट बसत नाहीत आणि अर्ध्या गल्लीत ती हरवलेली आहेत.

आणखी दोन ठिकाणी पाणी जाते, तेही लिहून टाकते. पहिले म्हणजे नळाचे सुरुवातीचे गढूळ पाणी. आठवडाभर रिकामी राहिलेली पाइपलाइन भरताना आतला गाळ आणि फटींतून झिरपलेली घाण घेऊन येते, म्हणून लोक ते सोडून देतात. प्यायला ते नकोच. पण संडासाला चालते. त्यासाठी एक फुटके-तुटके पिंप वेगळे ठेवावे. नळाला थेट टिल्लू मोटार लावणाऱ्यांनी मात्र एवढे ध्यानात घ्यावे की ती मोटार नुसते शेजाऱ्याचे पाणी ओढत नाही, फटीला लागून गटार असेल तर तेही ओढते. दुसरे म्हणजे भरून वाहणारे हौद. पाणी रात्री दोनला आले की चावी उघडून माणूस झोपतो, आणि सकाळी सगळी गल्ली ओली. हौदाला फुगा असलेला आपोआप बंद होणारा नळ बसवला की हे थांबते. ज्या घरांत दोन-दोन मोटारगाड्या आहेत, त्यांच्याही हौदाला तो नसतो. का नसतो, ते मला अजून समजलेले नाही.

संपादकसाहेब, आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. ‘आज पाणी कुठे’ या तक्त्याखाली रोज दोन ओळींची चौकट छापावी : ‘साठवलेले पाणी ओतू नका. भांडे घासा, पाणी गाळून परत वापरा.’ तक्त्यात भागाच्या नावापुढे अंदाजे वेळ देता आली तर फारच बरे, म्हणजे लोक उगाच आधीपासून भांडी रिकामी करत बसणार नाहीत. आणि कोरडा दिवस व पाण्याचा गॅप यांचा मेळ घरात कसा घालायचा, यावर एखाद्या कीटकशास्त्र जाणणाऱ्याकडून किंवा डॉक्टरांकडून सविस्तर लिहून घ्यावे. माझी रीत अनुभवाची आहे. त्यात काही चुकत असेल तर त्यांनी दुरुस्त करावे.

चौकटीची अक्षरे जरा ठळक ठेवा. पाण्याची ही सगळी कामे आमच्या वयाच्या बायका करतात, आणि पिंपात वाकताना चष्मा पडू नये म्हणून तो घरात काढून ठेवलेला असतो.

आपली,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)
हडको, छत्रपती संभाजीनगर